हिऱ्यांच्या माळेचा हिशेब

मोहोळ तालुक्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रेंच कथाकार मोपासां याची ‘द नेकलेस’ ही कथा शिकवून झाल्यावर वर्गातील जवळजवळ सर्वांनी ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे एकच तात्पर्य लिहिले. ते चूक म्हणवत नाही, पण त्याने समाधानही होत नाही. शिवाय ओघात फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’ या फ्रेंच कादंबरीची गोष्ट निघाली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की, चांगले नेसावे-ल्यावे असे वाटणाऱ्या बाईचा या पुरुष लेखकांना एवढा राग का? आता या दोन्हींना उत्तर काय द्यावे?

माझी सारी नोकरी सोलापुरात इंग्रजी साहित्य शिकवण्यात गेली आणि ही कथा अनेक तुकड्यांना शिकवली, त्या आधारावर सांगतो. म्हण बरोबर आहे. अडचण एवढीच की ती कथेच्या पूर्वार्धालाच लागू पडते. म्हण खर्चाविषयी बोलते. कथेची नायिका मातिल्द हिने मेजवानीसाठी केलेला खर्च म्हणजे ४०० फ्रँकचा पोशाख, आणि तो त्या घराला झेपला. पैसे शिलकीतले होते, कोणाचे देणे झाले नाही. मैत्रिणीकडून मागून आणलेली माळ हरवल्यावर कर्जफेडीत दहा वर्षे गेली ती दुसऱ्याच रकमेपायी, आणि ती रक्कम नटण्यासाठी खर्च झालेली नाही; ‘तुझी माळ माझ्याकडून हरवली’ हे एक वाक्य मैत्रिणीपुढे उच्चारावे लागू नये, यासाठी ती मोजली गेली आहे. म्हणून ऐषआरामाच्या ओढीची कोणतीही जुनी कथा वाचताना मी विद्यार्थ्यांना दोन गोष्टी शोधायला लावतो: पैसे नेमके कशासाठी गेले, आणि ते अखेर कोणी भरले. ही उत्तरे प्रत्येक कथेत वेगळी येतात, आणि ती वेगळी आली की एकच तात्पर्य सगळ्यांना चालत नाही हे मुलांना आपोआप दिसते.

हे कितपत खोलात न्यायचे ते मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून राहील. आपल्या हाती पूर्ण कथा आहे की संक्षिप्त पाठ, हे आधी तपासावे. संक्षेप करणारे नेमकी हिशेबाची वाक्ये गाळतात, आणि ती गेली की बोधकथाच उरते. दुसरी बाब अधिक नाजूक आहे. सोलापूरच्या वर्गात विडी वळणाऱ्या आईची मुले असतात, यंत्रमागावर काम करणाऱ्यांची असतात, कपड्याच्या दुकानदारांची असतात. भिशी, हातउसने, सराफाकडचे गहाण हे शब्द त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत, आणि त्यामुळे ही कथा इथे जितकी नेमकी कळते तितकी ती सुखवस्तू वर्गात कळत असेल असे मला वाटत नाही. पण त्याच वर्गात कर्जापायी घरातले माणूस गमावलेले मूलही असू शकते. ‘मादाम बोव्हारी’ची नायिका एम्मा हिचा शेवट विषाने होतो, तेव्हा तो प्रसंग रंगवून सांगू नये, असे मी आग्रहाने सुचवीन.

आता मूळ कथेचा हिशेब मांडू. ही कथा फेब्रुवारी १८८४ मध्ये पॅरिसच्या ‘ल गोल्वा’ या दैनिकात प्रसिद्ध झाली. मातिल्दचा नवरा लुआझेल हा शिक्षण मंत्रालयातला साधा कारकून आहे, आणि मोपासां स्वतः आधी नौदल मंत्रालयात व नंतर शिक्षण मंत्रालयात नोकरीला होता, त्यामुळे कारकुनाच्या घरात ४०० फ्रँक बाजूला पडायला काय लागते हे त्याने जवळून पाहिलेले होते. मंत्र्यांच्या घरच्या मेजवानीचे निमंत्रण येते, मातिल्द पोशाखासाठी ४०० फ्रँक मागते आणि लुआझेलचा चेहरा उतरतो, कारण बरोबर तेवढीच रक्कम त्याने बंदुकीसाठी साठवलेली असते. येत्या उन्हाळ्यात मित्रांबरोबर नांतेरच्या माळावर रविवारी पक्षी मारायला जाण्याचा त्याचा बेत असतो. हे वाक्य मी वर्गात हमखास दोनदा वाचून घेत असे. पोशाखाची आणि बंदुकीची किंमत लेखकाने एकच ठेवली आहे. त्या माणसाची हौसही ४०० फ्रँकचीच आहे, फक्त तिला कोणी हाव म्हणत नाही. नंतर दागिन्याचा प्रश्न येतो, तेव्हा तो सुचवतो की दहा फ्रँकमध्ये दोन-तीन सुरेख गुलाब मिळतील, तेच माळावेत. मातिल्दला ते पटत नाही, कारण श्रीमंत बायकांमध्ये गरीब दिसण्याइतके लाजिरवाणे दुसरे काही नाही असे ती म्हणते. मग ती मैत्रिणीकडून, मादाम फोरेस्तिएकडून, हिऱ्यांची माळ मागून आणते.

माळ हरवते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. पहाटे चारला निघताना नवरा तिच्या खांद्यावर रोजच्या वापरातले साधे कपडे टाकतो. उंची फरचे अंगरखे घालणाऱ्या बायकांनी ते पाहू नयेत म्हणून ती घाईने जिना उतरते. तो म्हणतो, थांब, मी गाडी बोलावतो. ती थांबत नाही. घाईचे कारण शुद्ध दिखाऊपणा आहे, आणि तिला यातून निर्दोष ठरवण्याचा माझा मुळीच प्रयत्न नाही. मात्र पुढचे पाऊल तिचे नाही. शोधाशोध होते, पोलिसांत कळवले जाते, वर्तमानपत्रात बक्षीस जाहीर केले जाते, आणि मग ‘माळेची कडी तुटली, दुरुस्तीला दिली आहे असे मैत्रिणीला लिही’ ही युक्ती लुआझेल काढतो आणि पत्राचा मजकूर तोच तोंडाने सांगतो. खोटे बोलण्याचा निर्णय नवऱ्याचा आहे. इतकी वर्षे उत्तरपत्रिका तपासल्या, त्यात हा मुद्दा फार क्वचित आढळला.

मग आकडे येतात. तशीच दिसणारी माळ दुकानात ४०,००० ला असते, ३६,००० ला मिळते. लुआझेलकडे वडिलांकडून आलेले १८,००० असतात, बाकीचे तो कोणाकडून हजार, कोणाकडून पाचशे असे करून उभे करतो, वचनचिठ्ठ्या लिहून देतो आणि सावकारांच्या दारी जातो. ही रक्कम त्याच्या उत्पन्नाच्या किती पट होती याचा अंदाज मोपासांच्याच दुसऱ्या एका कथेवरून येतो, कारण तिथल्या वरिष्ठ कारकुनाचा पगार वर्षाला ३,५०० फ्रँक दिलेला आहे. म्हणजे त्याच्याहून वरच्या माणसाची दहा वर्षांहून अधिक मिळकत त्या एका पेटीत जाते. फेड कोणी केली? दोघांनी. मोलकरीण काढली, घर बदलून माळवदाखालची खोली घेतली, ती भांडी घासू लागली, तो संध्याकाळी व्यापाऱ्याचे जमाखर्च लिहू लागला आणि रात्री पानाला पाच सू दराने नकला करू लागला.

कथेचा शेवट सर्वांना ठाऊक असतो: माळ खोटी होती, फार तर ५०० फ्रँकची. पण त्याच्या अलीकडची एक ओळ निसटते. रविवारी रस्त्यात भेटलेल्या फोरेस्तिएला मातिल्द सारे सांगते, आणि ‘तुझ्या लक्षातही आले नाही ना?’ असे म्हणताना तिच्या चेहऱ्यावर भोळ्या अभिमानाचे हसू उमटते. दहा वर्षांच्या कष्टांनी तिचा अभिमान गेलेला नाही, त्याचे ठिकाण बदलले आहे. पूर्वी तो दिसण्यात होता, आता कर्ज फेडण्यात आहे. शेवटचे वाक्य जिव्हारी लागते ते याच कारणाने, कारण ते पोशाखाचा नव्हे, या दुसऱ्या, अधिक सन्माननीय अभिमानाचा आधार काढून घेते. ‘तिला चांगला धडा मिळाला’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी हीच ओळ दाखवतो.

खरे तर दोन जागी हा प्रकार थांबू शकला असता. पेटीवर ज्या जवाहिऱ्याचे नाव असते त्याच्याकडे लुआझेल दांपत्य जाते, तेव्हा तो वही पाहून सांगतो की माळ मी विकलेली नाही, मी फक्त पेटी दिली. इतकी ठळक खूण समोर येऊनही ते घाबरलेले असल्यामुळे तिचा अर्थ लावत नाहीत. (आपल्याकडच्या मुली, बेन्टेक्स आणि एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांत वाढलेल्या, इथेच ओळखतात. सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, असल्या माळांनी भरलेल्या पाट्या त्यांनी पाहिलेल्या असतात.) आणि दुसरी जागा म्हणजे, नवी माळ परत मिळते तेव्हा फोरेस्तिए ‘लवकर द्यायची होतीस, मला लागली असती’ असे थोड्या रुक्षपणे म्हणते आणि पेटी उघडून पाहत नाही. मातिल्दला मात्र धास्ती असते की बदल लक्षात आला तर ती आपल्याला चोर समजेल.

या ठिकाणी मी वर्गाला पॅरिसहून उज्जयिनीत नेतो, कारण शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’मध्ये हाच पेच आहे आणि देवलांच्या संगीत नाटकामुळे मराठी वाचकाला ती गोष्ट परकी नाही. श्रीमंत गणिका वसंतसेनेने ठेवायला दिलेले अलंकार दरिद्री झालेल्या चारुदत्ताच्या घरातून चोरीला जातात. खरे सांगायला काय हरकत होती? चारुदत्ताचे उत्तर असे की, खरे घडले ते कोण मानील, दरिद्री माणसावर सगळे संशयच घेतील. लुआझेलच्या मनातलीही भीती हीच आहे, फक्त तो ती बोलून दाखवत नाही. मग चारुदत्ताची पत्नी धूता माहेरची रत्नावली काढून देते, तीही नवऱ्याला कमीपणा वाटू नये म्हणून व्रताचे दान असे सांगून चारुदत्ताचा मित्र मैत्रेय याच्या हाती ठेवते. मैत्रेय कुरकुरतो की हलक्या किमतीच्या वस्तूसाठी चार समुद्रांचे सार असलेली माळ द्यायची काय. चारुदत्त निरोप पाठवतो की तुझे अलंकार मी जुगारात हरलो, त्याबदली ही घे.

म्हणजे ठेव हरवली, अब्रूसाठी खोटे बोलले गेले, आणि मोबदला मूळ वस्तूहून मोठा दिला गेला: सगळे जुळते. फरक घेणारीत आहे. वसंतसेनेला खरी हकीकत कळलेली असते, कारण चोरीचे अलंकार तोपर्यंत फिरून तिच्याच हाती आलेले असतात. ती चारुदत्ताच्या घरी जाते आणि तुमची रत्नावली मी जुगारात हरले, त्याबदली ही अलंकारांची पेटी घ्या, असे त्याचेच खोटे त्याला परत करते. चारुदत्त आणि लुआझेल यांच्यात अब्रूची भीती सारखीच असताना एक घर बुडते आणि दुसरे तात्पुरते तरी वाचते, ते समोरच्या श्रीमंत व्यक्तीने लक्ष दिले की नाही यावर. हा मुद्दा एकदा मुलांच्या ध्यानात आला की मातिल्दच्या दोषाचे वजन ती स्वतःच नव्याने तोलू लागतात.

त्याच नाटकाचे नाव ज्या प्रसंगावरून पडले तोही आपल्याच विषयाचा आहे. चारुदत्ताचा छोटा मुलगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून मातीची गाडी नको म्हणून रडतो, आणि वसंतसेना आपले अलंकार त्या मातीच्या गाडीत भरून म्हणते, यांची सोन्याची कर. पुढे तेच अलंकार परत करायला निघालेल्या मैत्रेयाच्या काखेतून न्यायसभेत खाली पडतात आणि चारुदत्तावरच्या वसंतसेनेच्या खुनाच्या आरोपाचा पुरावा ठरतात. ऐश्वर्याची ओढ इथे एका लेकराची आहे, देणारीचा हेतू निर्मळ आहे, तरी बाप सुळाच्या वाटेला लागतो. इथे दोष कोणाच्या माथी मारायचा? मला तरी ‘अंथरूण’वाल्या म्हणीत याचे उत्तर सापडलेले नाही.

आता आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न. तिची शंका पूर्णपणे खोडून काढता येणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पुरुष कादंबरीकारांनी ही ओढ प्रामुख्याने बायकांच्या पदरी घातली हे खरे आहे. पण फ्लोबेरबाबत मी तिला सांगेन की, १८५६ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या आणि पुढच्या वर्षी खटल्यातून सुटलेल्या या कादंबरीत लेखकाची नजर एम्माइतकीच तिला उधारी देणाऱ्यावर आहे. लरो हा कापडाचा व्यापारी आधी पैशांचे नाव न काढता माल ठेवून जातो, मग वचनचिठ्ठी लिहून घेतो, मुदत संपली की व्याजासकट नवी लिहून घेतो. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेनुसार विवाहितेला नवऱ्याच्या संमतीवाचून करार करता येत नसे. म्हणून एम्माच्या नावे नवऱ्याचे मुखत्यारपत्र व्हावे ही कल्पना लरोकडून येते. ज्या समाजात बाईला कमावता येत नाही, मालकी सांगता येत नाही, तिथे तिची हौस उधारीतूनच भागणार आणि ती उधारी लपवूनच ठेवावी लागणार, हे फ्लोबेरने पक्के हेरले आहे. आठ हजार फ्रँक चोवीस तासांत भरा असा हुकूम येतो तेव्हा शार्ल बोव्हारीला काहीही माहीत नसते.

फेड इथे कोणी केली ते पाहिले म्हणजे राग नेमका कोणावर यावा हे ठरवणे अवघड होते. एम्माच्या मृत्यूनंतर घेणेकरी लोटतात. पियानोच्या शिकवणीची बाईसुद्धा सहा महिन्यांची फी मागते, जरी एम्माने एकही धडा घेतलेला नसतो आणि पावती केवळ नवऱ्याला दाखवण्यापुरती असते. पुढे शार्लही जातो. सगळे विकून १२ फ्रँक ७५ सांतीम उरतात, आणि त्यांत त्यांची छोटी मुलगी बेर्त हिचा आजीकडे जाण्याचा प्रवासखर्च निघतो. आजीही जाते, आणि नात्यातली एक गरीब बाई त्या मुलीला सूतगिरणीत कामाला पाठवते. गिरणगाव म्हणून वाढलेल्या आणि नंतर त्या गिरण्या बंद पडताना पाहिलेल्या या शहरात शेवटची ती अर्धी ओळ वाचली की वर्गाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. आईच्या रेशमाचे पैसे मुलीने सूत कातून भरले.

पुरुषांचा दिखाऊपणा दाखवायचा असेल तर मोपासांचीच १८८३ ची ‘ले बिझू’ ही कथा जोडीला घ्यावी. मघाशी पगाराचा उल्लेख केला ती हीच. लांतां नावाच्या कारकुनाची बायको खोट्या दागिन्यांची शौकीन असते, आणि तो तिला त्यावरून बोलत असतो. ती वारल्यावर अडचणीत येऊन तो एक माळ विकायला जातो, तर जवाहिरा १८,००० देऊ करतो: दागिने खरे निघतात, आणि ते तिला कोणी दिले असतील हे त्याला उमगते. लाजेने तो क्षणभर थबकतो, मग सगळे विकून १,९६,००० फ्रँक घेतो. त्यानंतर त्याची जीभ पाहा: मनात तो दोन लाख म्हणतो, साहेबाला तीन लाखांचा वारसा मिळाला म्हणून सांगतो, हॉटेलात शेजारी बसलेल्याला चार लाख. मिरवण्याची इतकी झपाट्याने चढत गेलेली पायरी मातिल्दच्या कथेत नाही. ‘द नेकलेस’मध्ये खोटी माळ खरी समजली जाते, इथे खरी माळ खोटी समजली जाते, आणि दोन्हीकडे किंमत न ओळखणारा माणूस मंत्रालयातला कारकूनच आहे. ही कथा अकरावी-बारावीला लावावी की नाही हा निर्णय आपला. पदवीच्या वर्गाला मी ती निःसंकोच देतो.

इंग्रज लेखक थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या कादंबरीकडे (१८४७-४८) वेळ असल्यासच वळावे, कारण ती फार लांब आहे. पण ‘वर्षाला काहीही उत्पन्न नसताना चांगले कसे जगावे’ या आशयाचे तिच्यातले प्रकरण एकटे वाचता येते. नायिका बेकी आणि तिचा नवरा थाटात राहतात, आणि त्यांना घर भाड्याने देणारा रॅगल्स, जो आयुष्यभर नोकरी करून बचत केलेला बटलर आहे, तो कर्जाच्या तुरुंगात जातो. तिथे चैन एकाची आणि फेड त्याच्या गावीही नसलेल्या दुसऱ्याची आहे. नैतिक दृष्ट्या हे मातिल्दच्या वागण्यापेक्षा कितीतरी वाईट असूनही बेकी वाचकाला आवडते, याची कारणे मुलांना जरूर विचारावीत.

वर्गातल्या कामाविषयी एवढेच सुचवतो. कथा वाचून झाल्यावर अभिप्राय लगेच मागू नये. वहीच्या पानावर एक रेघ मारायला सांगून डावीकडे कथेत आलेली प्रत्येक रक्कम आणि ती कशासाठी गेली ते, आणि उजवीकडे ती कोणी भरली ते लिहून घ्यावे. बंदुकीचे ४०० आणि गुलाबांचे १० फ्रँक डावीकडे यायलाच हवेत, जरी ते खर्च झाले नाहीत. त्यानंतर ‘माळ हरवली’ हे मैत्रिणीला सांगितले असते तर खालच्या किती ओळी खोडता आल्या असत्या, हे पाहायला लावावे. परीक्षेचे तात्पर्य म्हणाल तर, परीक्षकाला अपेक्षित असलेली म्हण मुलांनी पहिल्या वाक्यात लिहावी आणि ‘परंतु’ने पुढचे वाक्य सुरू करून हा हिशेब द्यावा, गुण कापले गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

एक प्रश्न वर्गातून येतोच: फोरेस्तिएने खरी माळ परत केली असेल का? वरचे साडेपस्तीस हजार निघाले असते, असा हिशेब कोणीतरी मागच्या बाकावर मांडतोच. मोपासांने त्यावर काही लिहिलेले नाही, आपणही उत्तर देऊ नये. पण चर्चेला दहा मिनिटे ठेवावीत. आणि तासिका मोजक्याच असतील, तर एम्माला पुढच्या वर्षावर ठेवून ‘मृच्छकटिक’मधला अलंकारांचा भाग घ्यावा. तो मराठीतून सांगता येतो, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांनाही चटकन समजतो, आणि एका तासात पुरा होतो.